मालक गेले, कारखाना राहिला

मार्च 2020 मध्ये सीजी पॉवर या कंपनीचा एक शेअर पाच रुपयांच्या आसपास मिळत होता. त्याच वर्षी चेन्नईच्या मुरुगप्पा समूहातील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने 8 रुपये 56 पैसे दराने शेअर घेऊन कंपनीचा ताबा मिळवला. 2023 मध्ये हाच शेअर चारशेच्या पुढे गेला. शेअर बाजाराने या उसळीचं श्रेय नव्या मालकाला दिलं, जसं त्याआधीच्या पडझडीचं खापर जुन्या मालकावर फोडलं होतं. दोन्हींत तथ्य आहे, पण त्यांतून एका प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. कागदावर जवळजवळ शून्य झालेली कंपनी तीन वर्षांत उभी राहते, तेव्हा तिच्यात असं काय शिल्लक असतं, जे ताळेबंदात दिसत नाही? माझं म्हणणं असं की, विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं खरं भांडवल तिच्या वाइंडिंग शॉपमध्ये आणि टेस्ट बेडवर असतं. ते साठायला पिढ्या लागतात, ते विकत घेऊन दुसरीकडे नेता येत नाही, आणि मालकाच्या एकदोन चुकांनी संपतही नाही. सीजी पॉवरचा, म्हणजे बहुतेक मराठी वाचक ज्या नावाने ओळखतात त्या क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा, सगळा इतिहास याची साक्ष देतो.

या नावाचा उगम एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यापाशी आहे. रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन यांचा जन्म 1845 चा, यॉर्कशायरचा. तरुणपणी ते सैन्याबरोबर हिंदुस्थानात आले आणि रस्त्यावरून माल ओढणाऱ्या वाफेच्या गाड्यांचे प्रयोग त्यांनी इथे केले. परत गेल्यावर 1878 मध्ये त्यांनी चेम्सफर्डला आपली कंपनी काढली आणि विजेचे दिवे व डायनामो बनवायला सुरुवात केली. विद्युत तंत्राची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था 1906 मध्ये लंडनला स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. वीज एकदिश प्रवाहाची असावी की प्रत्यावर्ती, या त्या काळच्या वादात मात्र ते हरलेल्या बाजूचे होते. क्रॉम्प्टन एकदिश प्रवाहाचे पुरस्कर्ते, जग गेलं दुसऱ्या वाटेने. तरीही कंपनी टिकली, कारण तांबं गुंडाळणं, इन्सुलेशन सांभाळणं, फिरता भाग तोलात बसवणं ही कामं दोन्ही प्रकारच्या विजेला लागतात. 1927 मध्ये ती पार्किन्सन कंपनीत मिसळली आणि क्रॉम्प्टन पार्किन्सन झाली. याच कंपनीने 1937 साली मुंबईत क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स सुरू केली. विक्रीची बाजू ग्रीव्हज कॉटन या मुंबईतल्या जुन्या पेढीबरोबर उभी राहिली. स्वातंत्र्याच्या वर्षी ग्रीव्हज कॉटन लाला करमचंद थापर यांच्याकडे आली आणि 1966 मध्ये उत्पादन व विक्री एकत्र करून क्रॉम्प्टन ग्रीव्हज ही कंपनी तयार झाली. मुख्य कार्यालय वरळीत, मोठा कारखाना कांजूरमार्गला.

त्यानंतरचा विस्तार महाराष्ट्राच्या औद्योगिक नकाशाबरोबरच वाचावा लागतो. एमआयडीसी 1962 मध्ये स्थापन झाली आणि मुंबई-ठाण्याबाहेर वसाहती उभ्या राहू लागल्या. क्रॉम्प्टनने नाशिकच्या अंबडला उच्चदाबाचं स्विचगिअर नेलं, नगरच्या एमआयडीसीत मोटारी नेल्या, औरंगाबादेत व्हॅक्यूम इंटरप्टर. गोव्यातही कारखाना निघाला, मध्य प्रदेशात मंडीदीप आणि मालनपूरला मोठे ट्रान्सफॉर्मर. साखर कारखान्याला पंप लागो, सोलापूरच्या गिरणीला मोटार लागो वा वीज मंडळाच्या उपकेंद्राला ब्रेकर, नाव ओळखीचं असे. पण या विस्तारातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या गावांमध्ये आयटीआयचा वायरमन किंवा फिटर झालेला मुलगा ॲप्रेंटिस म्हणून लागायचा, दहा वर्षांनी कुशल वाइंडर व्हायचा, आणि पुढे कधी स्वतंत्र झाला की त्याच एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान किंवा पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना टाकायचा. नाशिकला आज विजेच्या सामानाच्या पुरवठादारांची जी दाट वस्ती आहे, ती मोठ्या कारखान्यांनी आपल्याभोवती अशी माणसं तयार केली म्हणून.

हे कौशल्य नेमकं कसलं, हे समजण्यासाठी एक मोठा ट्रान्सफॉर्मर कसा तयार होतो ते जवळून पाहावं लागेल. वरवर पाहता त्यात फिरणारा एकही भाग नाही: लोखंडाचा गाभा, त्याभोवती तांब्याची गुंडाळी, बाहेर तेलाची टाकी. गाभा सिलिकॉन मिसळलेल्या विशिष्ट पोलादाच्या, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून पातळ पत्र्यांचा असतो. हे हजारो पत्रे एकावर एक असे रचावे लागतात की कोपऱ्यांतल्या सांध्यात फट राहता कामा नये, कारण फट राहिली की वीज उष्णतेत वाया जाते आणि ट्रान्सफॉर्मर घरघरतो. गुंडाळीच्या तांब्यावर कागदाचे थर असतात. वाइंडर ती तार ठरलेल्या ताणाने गुंडाळतो. ताण जरा कमी पडला तर गुंडाळी सैल, जास्त झाला तर कागदाला चीर. एका गुंडाळीला कित्येक दिवस लागतात, आणि मधल्या एका फेऱ्यातली चूक बाहेरून दिसत नाही. मग सगळा संच भट्टीत जातो. कागद आणि प्रेसबोर्ड हवेतली ओल शोषून घेतात, ती केरोसीनसारख्या द्रवाच्या वाफेने आणि निर्वाताने काढावी लागते. ओल निघाली की कागद आकसतो, म्हणजे गुंडाळी पुन्हा दाबून बसवावी लागते. ती किती आकसेल याचा अंदाज डिझाइनमध्ये आधीच धरलेला असतो, आणि तो अंदाज येतो आधीच्या शेकडो गुंडाळ्यांच्या नोंदींवरून. त्यानंतर निर्वातात तेल भरलं जातं.

आणि मग टेस्ट बेड. 765 किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर वीज कोसळल्यासारखा जो आघात करून बघतात, तो साडेएकोणीस लाख व्होल्टचा असतो. हा दाब सुमारे एक मायक्रोसेकंदात शिखराला जातो आणि पन्नासाव्या मायक्रोसेकंदापर्यंत निम्म्यावर येतो. ऑसिलोस्कोपवर उमटलेली रेघ आणि आधीच्या कमी दाबाच्या आघाताची रेघ एकमेकींवर तंतोतंत बसली तर पास. कुठे बारीकशी वळवळ दिसली, तर टाकीतलं तेल काढून, गाभा बाहेर घेऊन, कुठल्या थरात चूक झाली ते शोधायचं. कित्येक महिन्यांचं काम तिथे अडकतं. याशिवाय शॉर्ट सर्किटची चाचणी असते. गुंडाळीवर येणारं बल विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे प्रवाह दहापट झाला तर बल शंभरपट. आपल्याकडे या परीक्षांसाठी बेंगळुरू आणि भोपाळला सीपीआरआय ही केंद्र सरकारची संस्था आहे. चाचणीत कधी कधी ट्रान्सफॉर्मर निकामी होतो, आणि होतो तेव्हाच कारखाना शिकतो. पुढच्या डिझाइनमध्ये आधार कुठे वाढवायचा, कुठला प्रेसबोर्ड बदलायचा, हे त्या फाटलेल्या गुंडाळीने सांगितलेलं असतं. हे शिक्षण कुठल्याही परवान्याबरोबर येत नाही. परदेशी भागीदार नकाशे देतो, नकाशातली चूक आपल्या हाताखाली कशी दिसते ते तो देऊ शकत नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. तो असा की, हे सगळं बंदिस्त बाजारपेठेच्या जिवावर घडलं. आयातीवर निर्बंध होते, राज्य वीज मंडळांच्या ऑर्डरी होत्या, स्पर्धा मोजकी होती. अशा वातावरणात कुणीही वाढला असता. संरक्षणाचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही, पण ‘कुणीही’ हा शब्द पुराव्यावर टिकत नाही. बेंगळुरूच्या एनजीईएफचं उदाहरण घ्या. 1956 चा कर्नाटक सरकारचा हा कारखाना, जर्मनीच्या एईजीचं तंत्र, ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींचा तितकाच मोठा पसारा. संरक्षण त्यालाही तेवढंच होतं. या शतकाच्या सुरुवातीला तो बंद पडला. मंडळांच्या ऑर्डरींचा दुसरा चेहराही सांगायला हवा. पैसे महिनोन् महिने उशिरा येत, सर्वात कमी दराच्या निविदेला काम मिळे, आणि तांबं किंवा पोलाद मधल्या काळात महागलं तर तोटा. शेवटी इमा या उद्योगसंघटनेने किंमत-बदलाचं सूत्र तयार केलं आणि ते करारांमध्ये रुजलं, तेव्हा कुठे कारखान्यांना श्वास घेता आला. संरक्षण होतं, सुख नव्हतं.

एनजीईएफ मात्र माझ्याच म्हणण्याला अडचणीत आणतं, हे मला मान्य आहे. तिथेही वाइंडर होते, टेस्ट बेड होता, मग तो का नाही वाचला? याचं उत्तर असं की कौशल्य मालकापेक्षा दीर्घायुषी असतं, अमर नसतं. त्याला काम लागतं. वर्षानुवर्षं नव्या दाबाच्या, नव्या क्षमतेच्या ऑर्डरी आल्या नाहीत, यंत्रं बदलली नाहीत, निवृत्त वाइंडरच्या जागी नवा घेतला नाही, तर ते विझतं. मालक कौशल्य झटपट निर्माण करू शकत नाही, पण त्याची उपासमार करू शकतो. पाचसहा वर्षांची उपासमार कारखाना सोसतो, पंधरा-वीस वर्षांची नाही.

आता येतो 2005 नंतरचा काळ, आणि या कहाणीचा सर्वांत बोलका भाग. त्या वर्षी क्रॉम्प्टन ग्रीव्हजने बेल्जियमची पॉवेल्स ही ट्रान्सफॉर्मर कंपनी सुमारे 3 कोटी 20 लाख युरोंना घेतली. तिचे कारखाने बेल्जियम, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, इंडोनेशियात होते. पुढच्याच वर्षी हंगेरीची गांझ. मग आयर्लंड, फ्रान्स, अमेरिका, ब्रिटन, स्वीडन अशी रांग, आणि 2012 मध्ये 15 कोटी युरोंना स्पेनची झिव्ह. यातल्या गांझपाशी थांबायला हवं. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातच 1885 साली झिपरनॉव्स्की, ब्लाथी आणि देरी या तीन तरुण अभियंत्यांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर बनवला आणि प्रत्यावर्ती विजेचा मार्ग मोकळा झाला. क्रॉम्प्टनसाहेब ज्या मताच्या विरोधात होते, त्याच मताला यंत्राचं रूप या कारखान्याने दिलं. एकशेवीस वर्षांनी क्रॉम्प्टनचं नाव लावणारी मुंबईची कंपनी त्या वारशाची मालक झाली. 2006 मध्ये ही बातमी वाचून अनेकांची छाती फुगली असेल आणि त्यात काही गैर नव्हतं.

पण मालकी मिळाली म्हणून हात मिळत नाहीत. 2008 नंतर युरोपातल्या वीज कंपन्यांनी खर्च आखडता घेतला, कोरिया आणि चीनचा माल स्पर्धेत उतरला, आणि खरेदीसाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज मात्र चालू राहिलं. कॅनडाचा पॉवर ट्रान्सफॉर्मरचा धंदा विकला. परदेशी कारखाने एकगठ्ठा विकण्याचा 2016 मधला करार फिसकटला. 2017 मध्ये अमेरिकेतला मिझुरीचा कारखाना ब्राझीलच्या ‘वेग’ या कंपनीने घेतला आणि झिव्ह सौदी अरेबियाच्या अल्फनारकडे 12 कोटी युरोंना गेली, म्हणजे घेतलेल्या किमतीपेक्षा 3 कोटी कमीला. बेल्जियमची कंपनी पुढे दिवाळखोरीत निघाली. इथे दुसरा आक्षेप येतो: खरेदी केली नसती तर तंत्रज्ञान कुठून आलं असतं? आयर्लंडच्या मायक्रोसॉलकडून उपकेंद्रांच्या स्वयंचलनाचं सॉफ्टवेअर, स्वीडनहून मोटर-ड्राइव्ह, हे थोडं आलंही असेल. पण अंबडचं स्विचगिअर आणि मंडीदीपचा 765 किलोव्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घरच्या टेस्ट बेडवर वाढले आणि तेच शेवटी कामाला आले. गंमत म्हणजे विकलेले कारखानेही मेले नाहीत. मिझुरीचा कारखाना ‘वेग’ने वाढवला, कॅनडात विनिपेगमध्ये काम चालू आहे, बेल्जियमच्या मेखेलेनमध्ये पॉवेल्सचं नाव नव्या मालकाखाली पुन्हा उभं राहिलं. तोटा झाला तो त्याचा, ज्याने कारखान्यांची रास केली. कारखाने आपापल्या गावी, आपापल्या माणसांसह, राहिले.

2015 मध्ये आणखी एक निर्णय झाला, जो मला परदेशी खरेद्यांहूनही जास्त महाग वाटतो. पंखे, पंप आणि दिवे यांचा घरगुती धंदा वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी केली गेली. प्रवर्तकांनी त्यातला आपला सुमारे 34 टक्के वाटा ॲडव्हेंट आणि टेमासेक यांना 2,000 कोटी रुपयांना विकला. तो पैसा प्रवर्तकांना मिळाला, कारखान्याला नाही. पंखा दर उन्हाळ्यात विकला जातो आणि त्याचे पैसे लगेच हाती येतात. ट्रान्सफॉर्मरचे पैसे वर्ष-दीड वर्षाने येतात. दोन्ही एकाच छपराखाली असताना एकाची रोकड दुसऱ्याला धीर देत होती. तो आधार गेला आणि अवजड यंत्रांची कंपनी कर्जासह एकटी उरली. ऑगस्ट 2019 मध्ये संचालक मंडळानेच शेअर बाजाराला कळवलं की देणी आणि संबंधित कंपन्यांशी झालेले व्यवहार हिशेबात कमी दाखवले गेले होते. त्याच महिन्यात अध्यक्षांना दूर करण्यात आलं, पुढे तपास यंत्रणांच्या चौकश्या सुरू झाल्या. न्याय न्यायालय करील. इथे नोंदवायचं ते एवढंच की त्या महिन्यांत पगार लांबले, कच्च्या मालाला पैसे नव्हते, तरी ग्राहकांच्या ऑर्डरी पूर्ण रद्द झाल्या नाहीत. रेल्वेला आणि वीज कंपन्यांना माहीत होतं की चोरी झाली असेल तर ती हिशेबात झाली असेल, गुंडाळीत नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि सर्वांत वजनदार. नव्या मालकाने 2020 मध्ये सुमारे 700 कोटी ओतले, बँकांनी कर्जाची फेरमांडणी केली, आणि नेमक्या त्याच वेळी देशात वीजवाहिन्या, सौरऊर्जा, रेल्वे विद्युतीकरण यांवर मोठा खर्च सुरू झाला. मग श्रेय पैशाला आणि काळाला का देऊ नये? द्यावंच. पण प्रमाण पाहावं. 2020-21 मध्ये सुमारे 3,000 कोटींची असलेली विक्री 2023-24 मध्ये 8,000 कोटींवर गेली. एवढ्या अवधीत ट्रान्सफॉर्मरचा नवा कारखाना बांधून, माणसं शिकवून, चाचण्या पास करून, वीज कंपन्यांच्या पात्र पुरवठादारांच्या यादीत नाव लागणंही कठीण. ती वाढ अंबड, नगर, मालनपूर, मंडीदीप इथल्या आधीच शिकलेल्या हातांतून आली. पैशाने त्यांना तांबं आणि पोलाद दिलं, काळाने ऑर्डरी दिल्या. नव्या मालकाचं मोठेपण मला यात दिसतं की त्याने जे होतं ते मोडलं नाही आणि पहिली वर्षं कर्ज फेडण्यात घातली.

एका कारखान्याचं मात्र भलं झालं नाही. कांजूरमार्गला ‘क्रॉम्प्टन ग्रीव्हज कंपाउंड’ हा आता निवासी मनोऱ्यांचा पत्ता आहे. भांडुप ते विक्रोळी या पट्ट्यात जमीन यंत्रापेक्षा महाग झाली की काय होतं, हे मुंबईकर अर्धशतक पाहत आहेत. गिरण्यांच्या बाबतीत निदान चर्चा तरी झाली, इंजिनीअरिंगच्या कारखान्यांची पडझड शांतपणे झाली. कौशल्य नाशिकला किंवा मंडीदीपला हलवता येतं असं म्हणणारे आहेत. यंत्र हलतं, डिझाइन ऑफिस हलतं, पण भांडुपच्या चाळीतला पन्नाशीतला वाइंडर मंडीदीपला जात नाही. त्याचं शिक्षण तिथेच संपतं, आणि त्याच्या मुलाच्या हाती ते येत नाही. विस्ताराच्या आकडेवारीत ही वजाबाकी कुठेच लिहिलेली नसते.

म्हणूनच पुढच्या पावलाकडे मी आशेने पण बारकाईने पाहतो. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सीजी पॉवरच्या साणंद येथील चिप जुळणी व चाचणी प्रकल्पाला मान्यता दिली. जपानची रेनेसास आणि थायलंडची स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स हे भागीदार आहेत, खर्च 7,600 कोटी, लक्ष्य दिवसाला दीड कोटी चिप. ऑगस्ट 2025 मध्ये प्रायोगिक लाइन सुरूही झाली. ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी चिपमध्ये का जावं, असं विचारणाऱ्यांशी मी सहमत नाही. चाचणी आणि जुळणी हे धीराचं, नोंदींचं, चुकांतून शिकण्याचं काम आहे आणि या कंपनीला त्या शिस्तीची सवय आहे. फरक एवढाच की साणंदमध्ये ती शिस्त नव्याने रुजवावी लागेल. पॉवेल्स आणि गांझच्या वेळी जे झालं नाही, ते इथे होतं का हे पाहावं लागेल: रेनेसासचे अभियंते परत गेल्यावर लाइन कोण चालवतो, सदोष चिपचं प्रमाण वर्षागणिक कमी होतं का, गुजरातच्या आणि आपल्या आयटीआयमधून किती मुलं तिथे तंत्रज्ञ होतात. या प्रकल्पाच्या खर्चाचा जवळपास निम्मा भार केंद्र सरकार उचलत आहे, तेव्हा शेअरचा भाव कितीही असो, या तीन प्रश्नांची उत्तरं कंपनीच्या वार्षिक अहवालात छापून मिळण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे आणि तो त्याने मागावा.